हवालदाराची गुरगुर

सरांना गप्प बसलेली माणसं फार आवडायची. उभा जन्म शाळेत कवायत शिकवण्यात गेलेला; शिट्टी वाजली की मैदानभर उधळलेली पोरं जागच्या जागी चिडीचूप. निवृत्तीनंतर शिट्टी खुंटीवर गेली, पण खोड गेली नाही. अख्खी गल्ली त्यांना सर म्हणायची आणि बायकोसुद्धा सरच म्हणायची, फक्त तिच्या तोंडून ते जरा तिखट लागायचं. चहाचा रिकामा कप टेबलावर राहिला की ती विचारायची, सर, कप उचलण्याचा तास कितव्या घंटेला असतो?

घरात सरांची शिस्त मानणारा एकच जीव होता, आणि त्याचं नाव हवालदार. तांबूस रंगाचा, दांडग्या अंगाचा कुत्रा. पिल्लू असताना दारात येऊन बसला तो बसलाच, आणि आल्यागेल्याची कसून तपासणी करू लागला, म्हणून हे नाव. आता त्याचं वय झालं होतं. तोंडाभोवती पांढरे केस आले होते, आणि दिवसाचा बराचसा वेळ तो बैठकीतल्या कोपऱ्यात, आरामखुर्चीच्या मागे, आपल्या जुन्या गादीवर पडून काढायचा. सरांचं त्याच्यावाचून पान हलत नसे. मुलगा जहाजावर, वर्षातला बराच काळ पाण्यावर. बायको तिच्या कामात. सरांच्या मागे मागे खोलीतून खोलीत फिरणारा हाच.

सगळं छान चाललं होतं. मग छकुली रांगायला लागली.

छकुली म्हणजे सरांची नात. गुडघ्यांवर काय धावायची ती कारटी! आणि धावायची ती नेमकी त्या गादीकडे. पहिल्यांदा तिने हवालदाराच्या पाठीवर पंजा मारला, तेव्हा त्याच्या गळ्यातून एक खोल, लांबलचक गुरगुर निघाली. सून स्वयंपाकघरातून धावत आली, पोरीला उचललं आणि तिला आत घेऊन गेली. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मधल्या दाराला लहान मुलांसाठीचं लाकडी फाटक बसलं. तिसऱ्यांदा छकुली फाटकाच्या फळ्यांमधून नुसता हात घालत होती, तरी तो गुरगुरला.

सून आरडाओरडा करणाऱ्यातली नव्हती. तिने शांतपणे सांगितलं, की बाबा, पुन्हा एकदा जरी गुरगुरला तरी मी माझ्या मावसभावाला फोन करीन. त्याच्या शेतावर मोकळी जागा आहे, तिथे राहील हा. मला रात्री झोप लागत नाही.

सर हवालदाराकडे बघत राहिले. पण बोलणार काय? आईचं काळीज आहे, आणि तिचं चुकतंय असंही म्हणता येईना.

मग त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. अर्धाच पाहिला, हे आधीच सांगून ठेवतो. म्हाताऱ्या मास्तरांना अर्धं ऐकलं की पुढचं आपल्याला कळलं असं वाटतं. व्हिडिओत क्लिकर दाखवला होता. अंगठ्याएवढी प्लास्टिकची डबी, आत पत्र्याची पट्टी, दाबली की टक्. कुत्र्याने हवी ती गोष्ट केली की त्याच क्षणी टक् करायचं आणि लगेच खाऊ द्यायचा. शिक्षा नाही, ओरडणं नाही. कुत्र्याला बरोब्बर समजतं की कशाबद्दल बक्षीस मिळालं, आणि ते तो पुन्हा करतो. एक नियम मात्र पक्का: टक् वाजलं की खाऊ मिळालाच पाहिजे. टक् म्हणजे दिलेला शब्द.

सर पाळीव प्राण्यांच्या दुकानात जाऊन डबी घेऊन आले. उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे कमरेच्या पिशवीत भरून ठेवायला लागले; त्या पिशवीचा वास घरभर, आणि बायको म्हणायची की या वयात नवऱ्याच्या अंगाला असला वास येईल असं वाटलं नव्हतं. शब्दाला मात्र सर जागले. एकदा डबी सोफ्याच्या फटीत गेली होती, जेवणाचं ताट घेऊन ते नेमके तिच्यावर बसले आणि बुडाखाली टक् झालं. हवालदार धडपडत उठून हजर. सर भरल्या ताटावरून उठून त्याला तुकडा द्यायला गेले. बायकोने विचारलं, चुकून वाजली तरी? सर म्हणाले, वाजली ना? मग द्यायलाच हवं.

आता त्यांनी नेमकं केलं काय, ते नीट ऐका. फाटकाच्या अलीकडे हवालदार, पलीकडे छकुली. पोरगी जवळ आली की हा गुरगुरायचा. सर वाट पाहायचे. गुरगुर थांबली की टक्, आणि चिकन. पुन्हा गुरगुर, पुन्हा थांबला, टक्, चिकन. आयुष्यभर गप्प बसलेल्याला शाबासकी दिलेला माणूस दुसरं करणार तरी काय? हळूहळू गुरगुर आखूड झाली. मग नुसता घसा हलायचा. मग तेही बंद. छकुलीने फळ्यांमधून हात घालून शेपटी ओढली तरी हवालदार हूं की चूं करेना. नुसता सरांच्या पिशवीकडे बघायचा.

सरांची छाती फुगली. बायकोनेही कबूल केलं की बुवा, आहे काहीतरी त्या डबीत. सूनही थोडी सैल झाली, पण फाटक काढायला काही ती तयार होईना. जाणकार माणसाने बघितल्याशिवाय नाही, म्हणाली.

जाणकार माणूस सरांच्या ओळखीतच होतं. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी कुत्र्यांना शिकवण्याचं काम करायची. शाळेत असताना तिचं तोंड क्षणभर बंद नसे. सरांनी तिला ‘रेडिओ’ हे नाव ठेवलं होतं आणि कितीदा तरी मैदानाच्या कडेला एकटं उभं केलं होतं. मनात काही न ठेवता ती यायला तयार झाली. सुनेने सांगितलं, की त्या बाईंनी हो म्हटलं तर फाटक काढू आणि हवालदार कायमचा राहील. नाही म्हटलं, तर तो जाईल.

रेडिओ यायच्या दिवशी सकाळीच सरांनी एक उपद्व्याप केला. मधल्या दाराचं फाटक बिजागरीतून काढलं आणि कपाटामागे उभं करून ठेवलं. कोणाला न विचारता, न सांगता. त्यांना वाटलं, हिने आल्या आल्या बघावं, की या घरात आता फाटकाची गरजच उरलेली नाही. सून आत चहा करत होती, बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती, छकुली आतल्या खोलीत अंथरुणावर झोपली होती. कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

रेडिओ आली, सरांच्या पाया पडली, खुर्चीत बसली. हवालदाराने गादीवरूनच तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या जवळ गेली नाही, हाकही मारली नाही, नुसती बघत राहिली. एकदा विचारलं, हा नेहमी असाच एका कुशीवर बसतो का? सर म्हणाले, वय झालंय. आणि मग त्यांनी आपली विद्या उलगडायला घेतली: पिशवी, डबी, तुकडे, सगळं.

रेडिओने मधेच थांबवलं. तुम्ही टक् नेमकं कधी करत होता, असं तिने विचारलं.

"गुरगुर थांबली की," सर म्हणाले. "पक्कं टायमिंग. एकदाही चुकलो नाही."

"आणि शेवटचा कधी गुरगुरला?"

"अगं, आता आठवतही नाही. बंदच केली मी ती."

रेडिओच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. जिचं तोंड बंद करता करता सरांच्या नाकी नऊ आले होते, ती पोरगी गप्प झाली आणि सरांना ते गप्प होणं अजिबात आवडलं नाही. मग ती हलक्या आवाजात बोलायला लागली. म्हणाली, सर, कुत्रा गुरगुरतो म्हणजे तो सांगत असतो, की मला नको आहे, लांब व्हा. चावायच्या आधीचं ते सांगणं असतं. तुम्ही त्याचं नको असणं घालवलं नाहीत, फक्त सांगणं घालवलंत. आता तो—

ती बोलता बोलता थांबली. सरांनी तिच्या नजरेच्या दिशेने पाहिलं.

छकुली जागी झाली होती. मधलं दार ओलांडून बैठकीत आली होती आणि आरामखुर्चीच्या मागे, भिंत आणि हवालदार यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरली होती.

त्याच वेळी सून चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तिने मोकळी चौकट पाहिली, मग पोरीला पाहिलं. रेडिओने तळहात दाखवून तिला तिथेच थांबवलं. "कोणी धावायचं नाही, ओरडायचं नाही," ती म्हणाली, इतक्या सपाट आवाजात की सून खिळल्यासारखी उभी राहिली. ट्रेमधले कप किणकिणत होते.

हवालदाराला मागे सरकायला जागा नव्हती. त्याचं अंग ताठ झालं होतं. तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत होतं. त्याने एकदा नाकावरून जीभ फिरवली. आवाज काहीच नाही. कवायतीला उभ्या केलेल्या पोरासारखा तो अगदी शहाण्यासारखा गप्प होता, आणि ते बघून सरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. ही शांतता त्यांनीच, एक एक तुकडा भरवून, तयार केलेली होती.

छकुलीने हात वर केला. तोल सावरायला तिला काहीतरी धरायचं होतं आणि समोर कुत्र्याचा मागचा पाय होता.

सरांच्या तोंडात हुकूम आला होता. चाळीस वर्षांच्या सवयीने छाती भरली होती, आता ओरडणार, तेवढ्यात रेडिओ पुटपुटली, "सर, डबी."

डबी हातातच होती. अंगठा घामाने निसटला. पुन्हा दाबला.

टक्.

छकुलीचा हात त्याच्या कमरेवर पडला होता. हवालदाराचं डोकं तिच्याकडे वळायला निघालं होतं, ओठ दातांवरून उचलला गेला होता. टक् ऐकू आल्यावर ते डोकं मधेच थांबलं. मग हवालदाराने मान फिरवून त्यांच्याकडे पाहिलं. हा आवाज आजवर एकदाही खोटा निघालेला नव्हता. सोफ्याच्या फटीत चुकून वाजला तेव्हासुद्धा नाही. तो उठला, मागचा उजवा पाय मोडल्यासारखा खाली गेला, पुन्हा सावरला आणि लंगडत, छकुलीला मागे टाकून, सरांकडे आला. सरांनी पिशवी जमिनीवर रिकामी केली.

रेडिओने पोरीला उचलून सुनेच्या हातात दिलं. ट्रे कधी खाली ठेवला गेला, कोणालाच आठवत नाही. सुनेने छकुलीला उराशी धरलं आणि सासऱ्याकडे पाहिलं.

"फाटक कोणी काढलं?"

"मी," सर म्हणाले. "मीच. त्याचा काही दोष नाही."

ती पोरीला घेऊन आत निघून गेली. सरांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. खुब्याचा सांधा पार झिजला होता. इतके दिवस तिथे दुखत होतं, आणि पोरगी हात लावेल या भीतीने तो गुरगुरत होता. एवढं साधं. तो बिचारा तक्रार करत होता आणि सर त्याला गप्प बसायचं बक्षीस देत होते. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. फाटक पुन्हा बसलं, गादी पलंगाआड हलली. रेडिओने बजावलं, की आता कोणी त्याच्या दुखऱ्या खुब्याला हात लावायचा नाही, त्याला मुद्दाम डिवचायचं नाही. आपलं ऐकलं जातं, असा विश्वास बसला तर तो पुन्हा बोलेल. बसेलच, असं मी सांगू शकत नाही. आणि गुरगुरला, तर टक् करू नका, खाऊ देऊ नका, नुसते लांब व्हा. तेच त्याला हवं असतं.

सुनेने जहाजावर नवऱ्याशी बोलून घेतलं आणि मग सासऱ्याला सांगितलं. मावसभाऊ टेम्पो घेऊन या बाजूला येणार आहे. तो येईपर्यंत हवालदार एकदा जरी गुरगुरलेला मी ऐकला, तर राहू दे. नाही ऐकला, तर मुक्या कुत्र्याबरोबर मी पोरीला ठेवणार नाही. फाटक असो नाही तर भिंत असो.

म्हणजे बघा, काय तऱ्हा! आधी गुरगुरला तर जाणार होता, आता गुरगुरला नाही तर जाणार होता. सगळं घर कान देऊन बसलं. बायको भांडी हळू ठेवू लागली. सर तर त्याच्या घशाकडेच बघत बसायचे. हवालदार आपला गप्प, सभ्य, एखाद्या पाहुण्यासारखा. गोळ्यांनी त्याचं लंगडणंही कमी झालं, आणि तिथेच सरांच्या मनात नको तो विचार आला. दुखायचं थांबलं, तर हा गुरगुरेल कशाला? एक-दोन गोळ्या चुकल्या तर?

एका सकाळी बायकोने पाहिलं, सर हातात गोळी घेऊन हवालदारापुढे उभे होते. ना देत होते, ना ठेवत होते. तिला सगळं कळलं. ती टोमणा मारील असं सरांना वाटलं, पण तिने नुसतं म्हटलं, "तुम्हाला तो हवाय, हे मला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे." सरांनी खाली बसून गोळी चिकनच्या तुकड्यात घातली आणि भरवली. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. रोज भरवली, एकही चुकवली नाही. आणि हवालदार काही गुरगुरला नाही.

टेम्पो आला. मावसभाऊ भला माणूस होता. कुत्र्याची काळजी करू नका, काका, असं दहादा म्हणाला. सून छकुलीला घेऊन पायऱ्यांवर उभी राहिली. तिचाही चेहरा उतरला होता. बायको बाहेर आलीच नाही. सरांनी हवालदाराच्या गळ्यात दोरी घातली, गादी गुंडाळून टेम्पोत टाकली. गोळ्यांची पाकिटं मावसभावाच्या हातात दिली आणि कुठली कधी द्यायची ते समजावलं. मधेच विसरले, परत पहिल्यापासून समजावलं.

हवालदाराने पुढचे दोन पाय फळीवर ठेवले, पण मागचं अंग उचलेना. तो तसाच उभा राहून सरांकडे बघू लागला. मावसभाऊ मदतीला पुढे झाला, तर सरांनी त्याला थांबवलं. माझा कुत्रा मीच चढवीन, म्हणाले. डोळ्यांत पाणी, समोरचं धड दिसत नव्हतं. जे कोणी करायचं नाही असं रेडिओने बजावून ठेवलं होतं, तेच त्यांच्या हातून झालं. त्यांनी खाली वाकून त्याच्या दुखऱ्या खुब्याखाली हात घातला आणि जोर लावला.

गुर्रर्र.

हळू होती. गंजलेली, घशात अडकत आलेली, पण होती. सरांनी हात तिथल्या तिथे काढून घेतला. मग सांगितलं होतं तसे मागे सरकले. एक पाऊल, आणखी एक. हवालदार त्यांच्याकडे बघत राहिला. त्याची मान सैल झाली, पुढचे पाय फळीवरून खाली आले.

"बरं बाबा," सर म्हणाले. "नाही लावत हात. कळलं मला."

मावसभाऊही मागे सरला होता. त्याने कुरकुर केली, की ताई, तू तर म्हणाली होतीस हा तोंडातून आवाज काढत नाही. माझ्याकडे लहान पोरं आहेत. असला गुरगुरणारा कुत्रा मी कसा नेऊ?

सून पायऱ्या उतरून खाली आली. तिने टेम्पोतली गादी ओढून काढली आणि काखेत मारली.

"नको नेऊस," ती म्हणाली. "आमचा कुत्रा गुरगुरतो."

सरांनी हवालदाराच्या गळ्यातली दोरी सोडली. तो आपल्या चालीने, लंगडत, घराकडे निघाला. पायऱ्यांशी पोचला तेव्हा छकुली आईच्या कडेवरून त्याच्याकडे झेपावत होती, आणि सून तिला घट्ट धरून बाजूला झाली. तो आत जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली.